शिवनाथवर मुलगा पाहायला

त्या रविवारी मोनालीकडचे लोक मुलगा पाहायला दुर्गला गेले, आणि मुलगा घरी नव्हता.

मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी जायचं ही कल्पना मोनालीचीच. ती एकतीस वर्षांची होती, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट होती. भिलाई-३ च्या यार्डातून सुटणाऱ्या मालगाड्यांवर तिची ड्युटी असायची. याआधी दोन-तीन ठिकाणचे लोक घरी येऊन गेले होते. एका मुलाच्या आत्यानं विचारलं होतं, "इंजिनात पोरीची जात कशी बसते वं दिवस-दिवस?" दुसऱ्यांनी नोकरी सोडणार का असं विचारलं, आणि उत्तर ऐकून चहा अर्धाच ठेवून उठले. म्हणून या वेळी मोनाली म्हणाली, "आपणच जाऊ. त्याले बसू द्या समोर, मी पाहीन."

तिचे वडील देवाजी स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, शांत माणूस. ते म्हणाले, "चालते." आई सत्यशीलाला हे सगळं उलटंच वाटत होतं, पण तीही नवी साडी नेसून गाडीत बसली.

पद्मनाभपुरातल्या त्या घरी मुलाच्या आईनं, सुशीलाबाईंनी, "जय भीम, या, या" म्हणत दार उघडलं, सगळ्यांना बसवलं आणि पाणी आणायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. बैठकीच्या कोपऱ्यात माणसाहून उंच असं एक पिवळं वल्हं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. देवाजी त्याच्याकडे पाहत राहिले. दुर्ग शहरातल्या घरात वल्हं कशासाठी, हे त्यांना विचारावंसं वाटत होतं. पण पहिल्या भेटीत विचारायचं कसं, ते समजेना.

सुशीलाबाई शेवटी गरम फऱ्यांची, तांदळाच्या वाफवलेल्या वळकट्यांची, ताटली आणि टमाट्याची चटणी घेऊन आल्या. "नागसेन येऊनच राहिला," त्या म्हणाल्या. "सकाळी नदीवर गेला जरा. नऊपर्यंत येतो म्हणे."

दहा वाजून गेले होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गडबडीत त्यांचं बोट स्पीकरवर पडलं आणि वाऱ्याच्या घरघरीतून एका माणसाचा आवाज साऱ्या बैठकीत घुमला. "आई, मासा लागला आहे. पाण्यातल्या झाडाखाली जाऊन बसला. सोडून येता येत नाई. त्याइले बसवून ठेव."

"अरे, आले ना ते! समोर बसले आहेत!"

"मंग मी काय करू? लय मोठा आहे, आई."

फोन बंद झाला. सत्यशीलानं हातातला फरा परत ताटलीत ठेवला. "मासा?" ती म्हणाली. "माशासाठी पोरगा आला नाई? मासा तं बाजारात भेटते."

"तो विकत घेत नाई," सुशीलाबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "आणि धरला तरी घरी आणत नाई. सोडून देते."

देवाजींनी उठून चपला घातल्या. अपमान झाला की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं, पण उठायला तर हवं. मोनालीही उठली. तिच्या मनात मात्र वेगळाच गोंधळ चालला होता. याला लग्नच करायचं नसेल आणि आईसमोर बोलता येत नसेल, म्हणून नदीचं निमित्त काढलं असेल, असं तिला वाटलं. पण निमित्तच काढायचं तर माणूस ड्युटी सांगतो, ताप सांगतो. पाण्यातल्या झाडाखाली मासा बसला, असं कोण सांगतं?

"नदी किती लांब आहे, काकू?" तिनं विचारलं.

"आता जाऊन काय करणार?" सत्यशीला म्हणाली.

"मुलगा पाहाले आलो ना आपण? पाहून येऊ."

चौघंही गाडीत बसले. सुशीलाबाईंनी फऱ्यांची ताटली फडक्यात बांधून मांडीवर घेतली.

शिवनाथ नदीवर महमऱ्याजवळ एक बुटका बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून नदी तळ्यासारखी रुंद झाली आहे, आणि बंधारा व्हायच्या आधीची बाभळीची झाडं त्या पाण्यात बुडून वाळून गेली आहेत. काठापासून थोड्या अंतरावर एक लांबट, अरुंद, पिवळी होडी डुलत होती. तिच्यात टोपी घातलेला एक माणूस वाकलेली रॉड दोन्ही हातांनी धरून बसला होता. रॉडपासून निघालेली दोरी ताठ होऊन एका बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत शिरली होती. हाच नागसेन. एका पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉपला इन्स्ट्रक्टर होता, चौतीस वर्षांचा होता. एवढी माहिती मोनालीला होती.

"जय भीम काका!" तो तिथूनच ओरडला. "माफ करा हं! दोरी झाडाच्या पल्याडून फिरली आहे. वल्हं मारलं तं रॉड सुटते, रॉड धरली तं वल्हं मारता येत नाई. कोणी समोरच्या सीटवर बसलं तं—"

त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. एका हातानं वल्हं ओढत, दोरी हळूहळू सैल सोडत, तो होडी काठाला घेऊन आला. होडी दोघांची होती. तिला कयाक म्हणतात, एवढं मोनालीला टीव्हीवर पाहून माहीत होतं. नागसेननं काठावरच्या चौघांकडे पाहिलं. त्याचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि डोळ्यांत इतकी काकुळती होती, की सत्यशीलानं मान दुसरीकडे वळवली.

"मी बसतो," मोनाली म्हणाली.

ती हे का बोलली, हे तिचं तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. तिला पोहता येत नव्हतं. अंगावर आईनं मुद्दाम घालायला लावलेला बदामी रंगाचा सलवार-कुडता होता. "मोना, येडी झाली का तू?" सत्यशीला म्हणाली. देवाजींनी मुलीच्या चपला उचलून हातात घेतल्या, आणि त्यांनी परवानगी दिली असं सगळ्यांनी धरलं.

नागसेननं तिला लाइफ जॅकेट दिलं, पट्टे आवळायला सांगितले, पुढच्या सीटवर बसवलं आणि रॉड तिच्या हातात दिली. दोरीच्या त्या टोकाला काहीतरी जिवंत होतं. ते जोरात ओढत नव्हतं, नुसतं जड होऊन बसलं होतं, आणि मधूनच एकदा डोकं झटकत होतं. तो झटका रॉडमधून थेट तिच्या खांद्यात येत होता.

"टोक वर ठेवा," मागून नागसेन म्हणाला. "मी झाडाला वळसा घालतो. समोर खुंट दिसला तं सांगजा."

खुंट दिसला की सांगायचं, हे तिला सोपं होतं. इंजिनात ती हेच करायची. सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारायचा. "डाव्या बाजूला फांदी," ती म्हणाली. "समोर मोकळं. उजवीकडे खुंट, पाण्याखाली आहे, थांबा." होडी थांबली. वळली. ती समोर तोंड करून बसली होती आणि तो तिच्या पाठीमागे, त्यामुळे ज्याला पाहायला आली त्याला ती पाहूच शकत नव्हती. फक्त वल्ह्याचा आवाज आणि त्याचा श्वास ऐकू येत होता.

"कोणता मासा आहे?" तिनं विचारलं.

"शिवडा. इकडचे लोक पढिना म्हणतात. तोंडात दातच दात. अमेरिका, कॅनडात एक मस्की म्हणून मासा आहे, तिकडचे लोक अशाच होडीतून त्याच्या मागं लागतात. हजारदा गळ टाकला का एकदा लागते म्हणतात. मी त्याइचे व्हिडिओ पाहाचो. मंग मले वाटलं, आपल्याइथं मस्की नाई तं नाई, पढिना तं आहे."

"आणि धरून सोडून देता?"

"हो."

"कावून?"

मागे वल्हं थांबलं. "मले नीट सांगता येत नाई," तो म्हणाला. "आई रोज विचारते."

मोनालीला हे उत्तर आवडलं की राग आला, ते तिला ठरवता येईना. मग तिनं सरळच विचारलं, "तुमाले लग्न करायचं आहे का नाई?"

"आहे बहुतेक. मी खरंच नऊ वाजता निघून राहिलो होतो. शेवटचा एक टाकतो म्हणलं आणि तेव्हाच—" तेवढ्यात दोरी फांदीतून सुटली. रॉड एकदम खाली वाकली, रील किरकिरत फिरायला लागलं आणि कयाकचं तोंड आपोआप नदीच्या वरच्या बाजूला वळलं. मासा त्या दोघांना ओढत नेत होता.

"सोडू नोका! ओढूही नोका!" नागसेन ओरडला.

"मंग काय करू?"

"धरून ठेवा फक्त!"

ती धरून बसली. काठावर आईबाबा आणि सुशीलाबाई लहान लहान होत गेले. मग मासा थकला, वर आला. पाण्यात चांदीसारखी लांब कूस पालथी झाली, रुंद तोंड उघडलं, दोन लांब मिशा दिसल्या. त्याचा एक बारीकसा डोळा आपल्याकडे पाहतो आहे असं मोनालीला वाटलं. नागसेननं जाळी पुढे केली. ती जाळीकडे पाहायला वळली, रॉडचं टोक जरा खाली गेलं, आणि दोरी सैल झाली. मासा गेला.

होडी नुसती डुलत राहिली. मोनालीनं कसंबसं मागे वळून पाहिलं. नागसेन पाण्याकडे पाहत होता.

"माह्यामुळं गेला ना?" ती म्हणाली.

"माहीत नाई," तो म्हणाला. "जाते कधी कधी. पाहिला ना पण तुमी? मीच पाहिला असं नाई ना?"

"पाहिला."

"बस मंग," तो म्हणाला, आणि वल्हं उचललं.

काठावर आल्यावर देवाजींनी पहिल्यांदा होडीत वाकून पाहिलं. "कुठी आहे?"

"गेला, काका."

"म्हणजे हे एवढं सगळं..." देवाजींनी हात हवेत फिरवला आणि वाक्य तिथंच सोडलं. सुशीलाबाईंनी फडकं सोडलं आणि काठावरच्या खडकावर बसून सगळ्यांनी गार झालेले फरे खाल्ले. कोणी पगार विचारला नाही, कोणी स्वयंपाक विचारला नाही. नागसेनच्या बोलण्यात मस्कीचं नाव आलं तेव्हा देवाजींनी एवढंच विचारलं, की तो मस्का कोणता मासा आहे, आणि त्यानं त्यांना मस्कीबद्दल इतकं सांगितलं, की त्यांनी पुढे दोन दिवस घरात तेच सांगितलं.

घरी आल्यावर सत्यशीलानं विचारलं, "मंग? काय सांगू त्याइले?"

"मले समजत नाई," मोनाली म्हणाली. "मले त्या नदीवर अजून एकदा जाऊ दे."

"पोरासाठी का माशासाठी?"

मोनालीनं खरंच विचार केला. तिला दोन्ही वेगळं करता येईना. पोराचा चेहरा तिला धड आठवत नव्हता. पण दोरीच्या टोकाशी डोकं झटकणारं ते ओझं अजून खांद्यात होतं.

मग ती जातच राहिली. ज्या रविवारी ड्युटी नसेल, त्या रविवारी सकाळी स्कूटीवरून महमऱ्याला जायची. नागसेन तिला शिकवायचा. त्यानं स्वतः लेथवर लाकूड फिरवून वीतभर लांबीच्या मासोळ्या तयार केल्या होत्या, त्यांना लाल-पांढरा रंग दिला होता, पोटाखाली गळ बसवले होते. ती लांब फेकायची, ओढत ओढत परत आणायची, परत फेकायची. मासा लागत नव्हता. दंड दुखायचे. सोमवारी इंजिनात बसल्यावर लोको पायलट विचारायचे, "मॅडम, हाथ में क्या हुआ?"

"मासोळी होडीपाशी आली का लगेच वर नाई काढायची," नागसेननं एकदा सांगितलं. "मासा कधी कधी मागं मागं येते आणि होडीपाशी येऊन विचार करते. तेव्हा रॉडचं टोक पाण्यात घालून आठ काढायचा."

तिनं आठ काढला.

"हे काय करून राहिल्या तुमी?"

"आठ."

"हा कोणता आठ?"

"आपला. मराठीतला. बाबांनी पाटीवर शिकवला होता."

"अवं, तो इंग्लिश आठ! गोल गोल, दोन वेटोळे!" नागसेन इतका हसला, की होडी हलायला लागली. तीही हसली, मग मात्र तिला हे काय चाललं आहे असा प्रश्न पडला. दोघं लग्नासाठी भेटत होती. लग्नाबद्दल एक शब्द बोलत नव्हती. त्याला विचारावं, तर तो मागे बसलेला. चेहरा दिसल्याशिवाय असलं काही विचारता येत नाही. आणि काठावर आल्यावर चेहरा दिसायचा, तेव्हा तो होडी धुण्यात गुंतलेला असायचा.

भिलाई-३ मध्ये लोक बोलायला लागले. शेजारची करिष्मा, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, म्हणाली, "तेरा रिश्ता पक्का हुआ क्या? मम्मी पूछ रही थी." मोनाली म्हणाली, "पता नहीं." करिष्मा म्हणाली, "तुझे नहीं पता, तो किसको पता होगा?" देवाजी विचारत नव्हते. सत्यशीला रोज विचारत होती.

थंडी संपत आली तेव्हाच्या एका सकाळी नागसेन नेहमीसारखा होडी गाडीच्या टपावरून उतरवत होता. दोरी सोडता सोडता तो म्हणाला, "काल आम्ही राजनांदगावले गेलो होतो."

"कावून?"

"मुलगी पाहाले. आईनं ठरवलं होतं. तुमच्याकडून काही निरोप नाई आला ना इतक्या दिवसात. आई म्हणे, त्याइले नसन पटलं, पोरीले मासे धरायचे आहेत फक्त."

मोनाली दोरी हातात धरून उभी राहिली. तिला राग आला. पण कोणावर ते समजेना. निरोप तिच्याकडूनच जायचा होता. तिनंच पाठवला नव्हता. आणि तो गेला तर गेला, त्यानं आज येऊन असं दोरी सोडता सोडता सांगायचं? का यासाठीच आला होता?

"आज मी एकटी जातो," ती म्हणाली.

"एकट्या?"

"तुमी इथं राहा."

त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तिच्या जॅकेटचे पट्टे नीट आवळलेत का, ते ओढून पाहिलं आणि होडी पाण्यात ढकलली. तिनं वल्हं मारलं. एकटीनं वल्हं मारताना होडी हलकी आणि आडमुठी लागत होती, तोंड इकडचं तिकडे जात होतं. झाडांपाशी पोचेपर्यंत तिला घाम आला. तिनं लाल-पांढरी मासोळी फेकली, ओढली. परत फेकली. मनात राजनांदगावचंच चालू होतं. ती मुलगी कशी असेल, तिनं काय विचारलं असेल, यानं काय सांगितलं असेल. मासोळी होडीपाशी आली. मोनालीनं सवयीनं रॉडचं टोक पाण्यात घातलं आणि आठ काढला.

पाण्याखालून काहीतरी रुंद, फिकट वर आलं आणि मासोळी दिसेनाशी झाली.

तिच्या तोंडून ओरडण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. रॉड वाकून होडीच्या काठाला घासली. होडी गरकन फिरली. काठावरून नागसेन काहीतरी ओरडत होता. वारा उलटा होता, त्यामुळे तिला फक्त "सोडा" ऐकू येत होतं. सोडा, की सोडू नोका? तिनं वळून पाहिलं, तो दोन्ही हात वर करून हलवत होता. या हाताच्या हलवण्याचा अर्थ काय? इंजिनात असा हात कोणी हलवला तर गाडी थांबवायची असते. इथं थांबवायचं कसं?

शेवटी तिनं त्याच्याकडे पाहणं सोडलं. मासा झाडाकडे निघाला तेव्हा तिनं रॉड उलट्या बाजूला वाकवली. तो खोल गेला तेव्हा जाऊ दिलं. वर आला तेव्हा दोरी गुंडाळली. टोक एकदाही खाली जाऊ दिलं नाही. केव्हातरी मासा होडीला ओढेनासा झाला आणि वारा दोघांनाही काठाकडे लोटायला लागला. उथळ पाण्यात पोचताच नागसेन कपड्यांसकट मांडीभर पाण्यात शिरला.

"मी म्हणत होतो, रील सैल सोडा!"

"मले फक्त सोडा ऐकू आलं!"

"मंग सोडला कावून नाई?"

"माहीत नाई!"

त्यानं चिमट्यानं गळ काढला. ती होडीतून उतरली आणि थंडगार पाण्यात गुडघ्यांवर बसली. मासा तिच्या हाताहून लांब होता. त्यानं तिला दाखवलं, एक हात शेपटीपाशी, एक पोटाखाली, पाण्यातच धरायचा, वर काढायचा नाही. दमलेला मासा लगेच सोडला तर उलटा होतो आणि मरतो. तो स्वतः ताकदीनं निघेपर्यंत धरून ठेवायचं. मासा त्यांच्या हातांत नुसता पडून होता. कल्ले उघडत होते, मिटत होते.

"इंग्लिश काढला का मराठी?" नागसेननं विचारलं.

"मी पाहिलंच नाई," मोनाली म्हणाली. "मी राजनांदगावचा विचार करून राहिली होती."

दोघांची तोंडं आज समोरासमोर होती, मधे मासा होता, आणि कोणालाही हात सोडून उठता येत नव्हतं.

"काय झालं तिथं?" तिनं विचारलं.

"चांगले लोक होते. पोरगीही चांगली आहे, बँकेत आहे. तिनं विचारलं, रविवारी काय करता. मी सांगितलं. तिनं विचारलं, कोणासोबत." त्यानं माशाकडे पाहिलं. "मी तुमचं नाव सांगितलं. मंग सगळे चूप झाले. आई रस्ताभर बोलली नाई माह्याशी."

मोनालीला हसू आलं. "तुमी मले आधी कावून नाई विचारलं?"

"तुमी येत होत्या ना. मले वाटे, विचारलं तं यायचं बंद होईन."

"माह्याही मनात तेच होतं."

वरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. पाणी इतकं गार होतं की तिची बोटं बधिर झाली होती. इंजिनात सिग्नल स्पष्ट असतो. लाल, पिवळा, हिरवा. पुकारला की झालं. इथं तसलं काही दिसत नव्हतं, दिसेल असंही वाटत नव्हतं. तरी तिनं पुकारायचं ठरवलं.

"नोकरी मी सोडणार नाई," ती म्हणाली. "मले अजून सगळं समजलं नाई, आणि समजन असंही वाटत नाई. पण मीच विचारतो. लग्न करता का माह्याशी?"

नागसेनचं तोंड उघडंच राहिलं. "हो," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "हो ना!"

तिनं खाली पाहिलं तर हातांत नुसतं पाणी होतं. मासा केव्हा गेला, दोघांनाही कळलं नव्हतं. गढूळ पाण्यात एक रेघ खोलाकडे गेलेली दिसत होती, तीही विरत चालली होती. नागसेन अजून दोन्ही हात तसेच पाण्यात धरून बसला होता. तिनं त्याचा हात धरून त्याला उठवलं.

काठावर येऊन तिनं ओढणीला हात पुसले आणि घरी फोन लावला. देवाजींनी उचलला.

"बाबा, मासा धरला मी. एकटीनं."

"धरला? आणतं का मंग घरी?"

"सोडला. आणि बाबा, त्याइच्या घरी निरोप द्या. होय म्हणून."

"कोणाले होय?"

"नागसेनले."

मग देवाजी फोन कानाला तसाच धरून आत सांगत होते ते तिला ऐकू आलं, "मोना होय म्हणते." आणि सत्यशीलाचा आवाज आला, "काहाले होय? किती मोठा होता विचारा ना तिले! आणि पोराचं काय झालं? आताच समजलं मले, काल राजनांदगावले गेला होता तो!"

नागसेननं होडीचं एक टोक उचललं होतं आणि दुसरं टोक ती उचलेल म्हणून तो वाट पाहत उभा होता. त्याच्या पँटमधून पाणी ठिबकत होतं.

"चलायचं का?" त्यानं विचारलं.

"थांबा जरा," मोनाली फोनवर हात ठेवून म्हणाली. "तिकडे अजून कोणाले काही समजलं नाई."